गांजाची जुनी केस साक्षांकन फॉर्मात लिहायची का?

भुसावळ नाहीतर वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, पोलीस भरतीत नाव लागलं की साक्षांकन फॉर्म (अटेस्टेशन फॉर्म, स्वतःची आणि जुन्या केसेसची माहिती लिहून द्यायचा) हातात येतो आणि तिथंच पोरं घाबरतात. परवा माझा भाचा ओट्यावर बसून भरत होता, अटकेच्या रकान्यावर पेन टेकवलेला, शाईचा ठिपका पसरला तरी लिहीना. कॉलेजात असताना चिलीम ओढताना सापडला होता, कोर्टात दंड भरला, म्हणे मामा केस तर संपली ना, 'नाही' लिहून टाकतो.

नाही भो, इथंच घोळ होतो. दंड भरून सुटला म्हणजे गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ मध्ये गांजा ओढल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि फॉर्मात अटक झाली का, खटला चालला का, कोर्टाने दंड केला का हे सगळं वेगवेगळं विचारतात, तिन्हीकडे 'होय'च येतं. खोटं लिहिलं तर अपात्र ठरवू असं फॉर्मावर वरतीच छापलेलं असतं, पुढं पोलीस स्टेशनातून रेकॉर्ड तपासलं जातंच.

म्हणून आधी कोर्टातून निकालाची नक्कल काढ, एफआयआरची कॉपी घे, मग केस नंबर, कलम, कोर्ट, तारीख, निकाल जसाच्या तसा लिही, जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोड. आठवणीवर लिहू नको, तारीख चुकली तरी लपवल्यासारखं दिसतं.

२०१६ ला सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय की तरुणपणातला किरकोळ गुन्हा लपवला असेल तर नोकरी देणारे साहेब माफ करू शकतात, पण ते त्यांच्या हातात, आपला हक्क नाही. खरं लिहिलं म्हणून नोकरी मिळेलच असंही नाही, हेही त्याच निकालात आहे. पण मला विचारशील तर केस छोटी असली की लपवल्यानेच जास्त नुकसान होतं.

केस झालीच नव्हती, नुसता कधी ओढला होता, तर? फॉर्म केसबद्दल विचारतो, तेवढंच उत्तर दे. नशा केली का असा थेट प्रश्न तुझ्या फॉर्मात किंवा मेडिकलला आलाच तर खरं सांग. गुन्हा १८ च्या आतला असेल तर बाल न्याय कायद्याचं संरक्षण आहे, फॉर्म भरायच्या आधी वकिलाला दाखव.

आणि फॉर्म दिल्यावर नवी केस लागली तरी लगेच लेखी कळवायचं, पोच घेऊन ठेवायची.