फंक्शनल प्रोग्रामिंगचा पहिला सराव झाला, आता तो कुणाला दाखवायचा कसा

भाची सांगलीतच इंजिनिअरिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. पायथन तिला बऱ्यापैकी येतं, या सुट्टीत तिनं हास्केल ही फंक्शनल प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली आणि पहिला सराव झाल्या झाल्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो मला पाठवला, खाली एकच ओळ, "मामा, बरोबर आहे का बघ." आता शिकणारे बरेच जण असंच विचारतात म्हणून तिच्याच सरावावरनं सगळं सांगतो.

पहिली गोष्ट, फोटो नको. समोरच्याला तुमचा कोड चालवून बघायचा असतो, फोटोवरनं तो परत टाइप कोण करणार? मजकूर म्हणून पाठवा, स्पेस आहेत तशा ठेवून, कारण हास्केलमध्ये ओळ किती आत सरकलीय यावर अर्थ ठरतो.

दुसरं म्हणजे "बरोबर आहे का" हा प्रश्न विचारूच नका, ते तुमचं तुम्हालाच तपासता येतं. सराव घेतानाच दोन-तीन उदाहरणं कागदावर हातानं सोडवून ठेवायची. आमच्या दाजींची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, त्यामुळं भाचीनं उदाहरण हळदीचंच घेतलेलं: प्रत्येक लॉटचं वजन क्विंटलमध्ये आणि सौद्यात निघालेला दर, आणि 12000 किंवा त्याच्या वर गेलेल्या लॉटची एकूण रक्कम काढायची. समजा तीन लॉट आहेत, 4 क्विंटल 12000 नं, अडीच क्विंटल 15000 नं आणि 6 क्विंटल 11000 नं (दर नुसते उदाहरणाला धरलेत). तिसरा लॉट गळला, पहिल्याचे 48000, दुसऱ्याचे 37500, बेरीज 85500. हे कागदावर असलं की प्रोग्राम बरोबर की चूक ते दोन सेकंदात कळतं, आणि शिकवणाऱ्याचा वेळ खऱ्या प्रश्नाला राहतो.

खरा प्रश्न कसा असतो? भाचीला मी परत लिहायला लावला, तो असा आला: "उत्तर 85500 बरोबर येतंय, पण लॉट निवडणं, गुणाकार आणि बेरीज तिन्ही एकाच फंक्शनमध्ये कोंबलंय असं वाटतंय, वेगळं कसं करू?" बघा, यात काय चालतंय, काय खटकतंय आणि कुठं अडलंय तिन्ही आलं. असं विचारलं तर कुणीही मनापासून सांगतं.

कोड पाठवायच्या आधी मी एक गोष्ट करायला सांगतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो: आपलं फंक्शन मराठीत मोठ्यानं वाचायचं. भाचीचं वाचन असं झालं, "लिस्ट रिकामी असेल तर शून्य, नाहीतर पहिला लॉट काढ, त्याचा दर बघ, बारा हजार किंवा वर असेल तर वजनाला दरानं गुण, मग उरलेल्या लिस्टला परत हेच फंक्शन लाव, आलेल्यात मिळव, दर कमी असेल तर नुसतं उरलेल्या लिस्टला लाव..." इथं तीच थांबली. आता हेच काम दाजींना सांगायचं तर काय म्हणशील, विचारलं. म्हणाली, "लॉटमधले चांगले दराचे निवडून, त्यांच्या रकमा काढून, बेरीज करायची." झालं की! निवडून म्हणजे फिल्टर, रकमा काढून म्हणजे मॅप, बेरीज म्हणजे सम. कोड असा होतो (कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा, इथं नुसतं वाचायला म्हणून):

सम (मॅप रक्कम (फिल्टर चांगला लॉट))

आतल्या कंसातनं बाहेर वाचत या, मराठी वाक्याचा क्रम जसाच्या तसा लागतो. "चांगला" आणि "रक्कम" ही दोन छोटी फंक्शनं वेगळी लिहायची, आणि ती वेगळी असली की एकेकटी तपासता पण येतात.

तिनं आधी रिकर्शननं, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच परत बोलवायच्या पद्धतीनं, लिहिलेलं चूक नव्हतं हां. रिकर्शन एकदा हातानं लिहायलाच पाहिजे, नाहीतर मॅप-फिल्टर आतून काय करतात ते कळत नाही.

आता फीडबॅक आला की त्याचं काय करायचं. आलेल्या सूचना तीन ढिगात टाका. एक खऱ्या चुका, दोन सवयी, तीन सांगणाऱ्याची आवड. चुका लगेच दुरुस्त करायच्या. पायथनकडनं येणाऱ्यांची एक ठरलेली चूक म्हणजे "टोटल = टोटल + रक्कम" असं लिहिणं. पायथनमध्ये त्याचा अर्थ जुन्या टोटलमध्ये मिळव. हास्केलमध्ये जुनी टोटल नसतेच, उजवीकडची टोटल म्हणजे डावीकडचीच, त्यामुळं ती स्वतःलाच शोधत बसते आणि प्रोग्राम लटकतो. सवयी म्हणजे टाइप सिग्नेचर (फंक्शन काय घेतं आणि काय देतं ते सांगणारी ओळ) न लिहिणं, किंवा "दर मोठा आहे हे ट्रू आहे का" असं विचारणं, जिथं नुसतं "दर मोठा आहे" एवढंच पुरतं. या दुसरीसारख्या सवयी एचलिंट नावाचं, कोड वाचून सुधारणा सुचवणारं टूल पण दाखवतं, ते आधी चालवून घेतलं तर माणसाला त्यासाठी त्रास द्यावा लागत नाही. आणि आवड म्हणजे कुणीतरी तुमचं सगळं काम छोटी फंक्शनं टिंबांनी एकमेकांना जोडून एका ओळीत करून देतो. ते वाचता आलं तरच घ्या. स्वतःला समजावून सांगता येत नाही असा कोड आपल्या फाईलमध्ये ठेवायचा नाही, कितीही छोटा दिसू दे.

आणि कोड न येणाऱ्या माणसाला पण दाखवा, हे मी आग्रहानं सांगतो. भाचीनं पुढं सरासरी दर काढला, 12000 अधिक 15000 भागिले दोन, 13500. कोड स्वच्छ होता, मी पण हो म्हटलं. दाजी जेवता जेवता म्हणाले, "अगं अशी सरासरी कुठं काढत्यात का, वजन नको का धरायला? चार क्विंटल अन् अडीच क्विंटल सारखंच का?" बरोबरच होतं त्यांचं. 85500 भागिले साडेसहा, म्हणजे साधारण 13154. आम्हा दोघांना कोड दिसत होता, हळद दिसत नव्हती.

त्यातनंच पुढचा प्रश्न निघाला, एखाद्या दिवशी एक पण लॉट 12000 ला गेला नाही तर? एकूण रक्कम शून्य येते, ते ठीक आहे, पण सरासरीला शून्य भागिले शून्य होतं आणि हास्केल तिथं दशांश आकड्यांवर एरर न देता "नॅन" (म्हणजे 'हा आकडाच नाही') असं काहीतरी छापतं, ते पुढच्या हिशोबात गेलं की सगळंच नॅन. इथं मेबी टाइप वापरायचा, म्हणजे उत्तर असेल किंवा नसेल असं सांगणारा, लॉट असतील तर जस्ट आणि सरासरी, नसतील तर नथिंग. रिकाम्या लिस्टला काय होतं हे प्रत्येक फंक्शनला विचारायचंच, लिस्टमधला पहिला घटक काढणारं "हेड" वापरलं असेल तर आधी तेच बघायचं, कारण रिकाम्या लिस्टवर ते प्रोग्रामच पाडतं.

सगळ्या सूचना समजल्या की जुनी फाईल बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाईलवर तोच सराव परत लिहायचा, न बघता. भाचीचं पहिलं फंक्शन अकरा ओळींचं होतं, दुसऱ्या दिवशी सिग्नेचर धरून सहा ओळींत बसलं, आणि यावेळी तिनं फोटो न पाठवता फाईल पाठवली, खाली प्रश्न, "आता तोलाई-हमाली वजा करायची तर ती रक्कमच्या आत घालू की वेगळं फंक्शन करू?"