मोनोक्लोनल अँटिबॉडी पाचपट पुरवण्यासाठी काजूच्या पिशवीची युक्ती

वेस्टर्न ब्लॉटला (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन अँटिबॉडीने शोधायची पद्धत) ट्रेमध्ये मेम्ब्रेन (प्रथिनं चिकटवलेला पातळ पडदा) बुडवायची तर अँटिबॉडीचं १० मिली द्रावण लागतं. १:१००० च्या प्रमाणात म्हणजे १० मायक्रोलिटर महागडी मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रथिनाच्या एकाच ठरावीक जागेला चिकटणारी) एका ब्लॉटला गेली. पिशवीत २ मिलीत भागतं.

म्हापशाच्या बाजारात काजूची पाकिटं बंद करायला दुकानदार वापरतात ते हाताने दाबायचं सीलिंग मशीन आणि जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या.

१. मार्करच्या (माहीत वजनाच्या प्रथिनांच्या) पट्ट्या बघून मेम्ब्रेन आडवी कापा. ४२ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचं प्रथिन अ‍ॅक्टिन शोधायचं असेल तर त्याच्या वरखाली थोडी जागा सोडलेली पट्टी पुरते.
२. ब्लॉकिंग (मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा दुसऱ्या प्रथिनाने झाकणं) झाल्यावर पट्टी ओलीच पिशवीत सरकवा, तीन बाजू सील करा.
३. द्रावण घाला. आता बुडबुडे काढा, आणि इथे घाई नको: पिशवी टेबलावर ठेवून पिपेटची नळी आडवी फिरवत हवा उघड्या तोंडाकडे ढकला. बुडबुडा राहिला तिथे ब्लॉटवर पांढरा डाग उठतो. मग चौथी बाजू सील करा.
४. रात्रभर ४ अंशांवर, शेकरवर.

पावसाळ्यात वीज गेलीच (जातेच!) तर पिशवी बर्फाच्या थर्माकोल पेटीत ठेवून अधूनमधून उलटत राहा. ट्रेला हे जमत नाही.

वापरलेलं द्रावण दुधाऐवजी बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं प्रथिन) केलेलं असेल तर ०.०२% सोडियम अझाइड घालून पुन्हा वापरता येतं. मात्र अझाइड विषारी आहे, हातमोजे घाला. आणि एचआरपी (ब्लॉटवर खूण दाखवणारं एन्झाइम) जोडलेल्या दुय्यम अँटिबॉडीत (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी) ते कधीच घालू नका, एन्झाइम बंद पडतं.