वजन उतरतंय आणि भूक वाढतेय: कमी खाण्याची मनाला सवय कशी लावावी

पहिले पाच-सहा किलो हौसेने उतरतात. कसोटी लागते ती त्यानंतर. खाणं तेच, चालणं तेच, तरी काटा हलत नाही, आणि भूक मात्र आधीपेक्षा जास्त. आपलाच निग्रह कमी पडला, असं वाटू लागतं. प्रत्यक्षात चरबी कमी झाली की भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या बोलण्यात जेवणाशिवाय विषय उरला नाही, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. सतत खाण्याचे विचार येणं हा शरीराचा निरोप असतो, हे एकदा पटलं की निम्मी चिडचिड कमी होते.

आधी हिशोब मांडा

आपल्याला दिवसाला किती कॅलरी लागतात ते असं काढा: वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बायकांनी त्यातून १६१ वजा करायचे, पुरुषांनी ५ मिळवायचे. बैठं काम आणि थोडं चालणं असेल तर उत्तराला १.३७५ ने गुणा. हा अंदाज आहे, पण कामाला पुरतो.

वय ४०, उंची १५५ सेंमी, वजन ८२ किलो असलेल्या बाईला दिवसाला साधारण १९६० कॅलरी लागतात. ७० किलोवर आल्यावर १८००. म्हणजे रोज १५०० खाल्ल्यावर आधी ४६० ची तूट पडायची, आता ३०० ची. आठवड्याला चारशे ग्रॅम उतरायचे, ते पावणेतीनशेवर येतात. काटा अडला असं वाटतं ते बरेचदा एवढंच असतं.

मग ठरवा: ताट कमी करायचं की वेग?

हा प्रश्न फारसं कोणी स्वतःला विचारत नाही. पावणेतीनशे ग्रॅम चालणार असतील तर ताटाला हात लावू नका. मनाला सर्वांत स्वस्त पडणारा उपाय हाच आहे. कमी करायचंच असेल तर एका वेळी १००-१५० कॅलरी, आणि त्यावर किमान तीन आठवडे थांबा. बायकांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरांशिवाय जाऊ नये.

जे मनाला कळत नाही ते आधी काढा

चूक इथेच होते. पहिली कात्री पोळीला लागते, आणि पोळी ताटात दिसते, म्हणून तिची उणीवही दिसते. तेल दिसत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला ३ लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज २५ मिली, म्हणजे २०० च्या वर कॅलरी पोटात जातात. तेच २ लिटरवर आणलं की रोजचे सत्तर वाचतात आणि भाजीची चवही फारशी बदलत नाही. फोडणीला पळीने अंदाजे ओतू नका, चमचा मोजून घाला. दिवसातल्या तीन चहांतला एकेक चमचा साखर कमी केली की आणखी साठ. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट अर्ध्यावर आणा. मटकीची उसळ, घट्ट वरण, ताक मात्र कमी करू नका, पोट त्यांनीच धरून राहतं.

मनाची बाजू

ताट एकदाच पूर्ण वाढून घ्या आणि भांडी ओट्यावरच राहू द्या. पातेलं समोर असलं की दर घासाला ‘अजून घेऊ का?’ हा वाद सुरू होतो, आणि माणूस दमतो तो त्या वादानेच.

‘शेव कधीच नाही’ असं ठरवू नका. ‘शनिवारी संध्याकाळी, एक छोटी वाटी’ असं ठरवा. मनाला तारीख मिळाली की ते गप्प बसतं. मुलांच्या ताटातला उरलेला वरणभात ‘अन्न टाकू नये’ म्हणून पोटात जातो. त्यावर उपाय त्यांना आधी कमी वाढण्याचा. आग्रहाला ‘मी डाएटवर आहे’ म्हणू नका, त्यावर चर्चासत्रच भरतं. ‘पोट भरलं, डबा द्या, उद्या खाईन’ म्हटलं की वाढणाराही खूश.

साबुदाण्याच्या उपवासाचा दिवस कमी खाण्यात धरू नका. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ उगीच म्हणत नाहीत.

सुट्टी घ्या

आठ ते बारा आठवड्यांनी दोन आठवडे वजन टिकवण्यापुरतं खा. वरच्या उदाहरणात १८०० पर्यंत, वाढ पोळी-भात-उसळीतून. पहिल्या तीन-चार दिवसांत काटा किलोभर चढू शकतो. ते मुख्यतः पाणी असतं, घाबरून पुन्हा उपाशी राहू नका.

सतत थंडी वाजणं, पाळी चुकणं, केस गळणं, किंवा लपून भरमसाट खाऊन नंतर उपास काढणं, यांतलं काही दिसलं तर कपात थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ताट कमी करण्याआधीच भेटा, कारण डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते.