मागे ट्रेलर, पाठीवर एटीव्ही: लीहायला नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेतल्या युटा राज्यात, आमच्या लीहाय गावात आलेलं मराठी कुटुंब दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत एका ठरावीक वळणावर येतं. पहिल्या वर्षी झायन आणि आर्चेस ही राष्ट्रीय उद्यानं बघून होतं. मग ऑफिसातला कोणी एका शनिवारी लिटल सहाराला घेऊन जातो, वाळूच्या टेकड्यांवर एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवरची चारचाकी मोटरसायकल, चालवायला देतो, आणि सोमवारी मला फोन येतो, "दादा, पिकअप कुठला घेऊ?"

मी उलट विचारतो, "रात्री झोपणार कुठे?"

प्रश्न विचित्र वाटतो, पण सगळं त्यावर अडतं. तंबूत झोपणार असाल तर काम सोपं आहे. एक उघडा छोटा ट्रेलर, त्यावर एटीव्ही, झालं. पण घरात लहान मूल असेल, किंवा भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर स्वच्छतागृहाचा विषय निघतोच. मग कॅम्पर ट्रेलर, म्हणजे झोपायची सोय आणि स्वच्छतागृह असलेली ओढायची खोली, येतो. मागची जागा कॅम्परने घेतली की एटीव्हीला जागा उरते ट्रकच्या पाठीवर. कॅम्परच्या मागे आणखी एक ट्रेलर जोडणारे लोक इथे दिसतील. काही राज्यांत ते चालतं, काहींत नाही, आणि ती वरात रिव्हर्स घेणं आपल्यासारख्याचं काम नाही. तो नाद सोडा.

आता ट्रक. डीलर तुम्हाला एकच आकडा ऐकवेल: हा अकरा हजार पौंड ओढतो. ओढत असेलही. तुम्ही ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या खांबावरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या एका ट्रकचा असतो, जाहिरातीतल्या मॉडेलचा नाही. सनरूफ, मोठी चाकं, चामड्याच्या सीटा घेतल्या की तो कमी होतो. त्यामुळे एकाच नावाच्या, शेजारी उभ्या असलेल्या दोन ट्रकांमध्ये दोन-तीनशे पौंडांचा फरक सहज निघतो.

माझ्या पहिल्या, अर्ध्या टनाच्या म्हणतात त्या (हे नुसतं वर्गाचं नाव) ट्रकवर १,६४० लिहिलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. आमचा कॅम्पर भरल्यावर ६,००० पौंडांचा. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडणीवर, टेकलेला असावा लागतो. आमचा होता १२ टक्के, म्हणजे ७२० पौंड. हा भार ओढण्याच्या खात्यात नाही, पाठीवरच्या खात्यात मोजतात. वजन वाटून देणारा हिच ९० पौंड. विंच (तार गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि पेट्रोलसकट एटीव्ही ७४०. आम्ही चौघं ५६०. रॅम्प, जनरेटर, कूलर मिळून १५०. बेरीज २,२६०. म्हणजे ६२० पौंड, जवळजवळ २८० किलो जास्त.

ट्रकने तक्रार केली नाही, हाच घोटाळा आहे. इंजिन आरामात ओढत होतं. फक्त स्टिअरिंग हलकं लागत होतं, आणि रात्री नेफाय गावाच्या अलीकडे समोरचा प्रत्येक जण मला दिवे मारत होता. मी बायकोला म्हटलं, इथली माणसं रात्री फार चिडकी होतात. वास्तविक मागचा भाग बसल्यामुळे ट्रकचं नाक वर झालं होतं आणि माझे साधे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जात होते. पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं की ब्रेक आणि वळणं दोन्ही बिघडतात. त्या रात्री नशीब बरं होतं.

बैलगाडी भरलेल्या माणसाला यातलं अर्धं आधीच माहीत असतं. आजोबा सांगोल्याकडे उसाची गाडी भरताना मागे जास्त मोळ्या पडल्या की ओरडायचे, "उलाळ होईल रे!" उलाळ गाडीची धुरा वर जाते आणि पुढे जड झाली तर बैलांच्या माना मोडतात. ट्रेलरचं तेच आहे. हिचवर भार दहा टक्क्यांच्या खाली गेला, म्हणजे मागे जड भरलं, की वाऱ्यात ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. जास्त झाला तर ट्रकचं कंबरडं बसतं. म्हणून पाण्याची टाकी भरून न्यायची की रिकामी, आणि ती ट्रेलरच्या पुढे आहे की मागे, हे बघा.

अंदाजावर राहू नका. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो, आणि पुढचा आस, मागचा आस, ट्रेलर असे वेगवेगळे आकडे छापून मिळतात. सगळं सामान, सगळी माणसं भरूनच काट्यावर जा.

दुसरी गोष्ट हौद्याची, म्हणजे ट्रकच्या उघड्या पाठीची, लांबी. आजकालच्या चार दारांच्या ट्रकचा हौदा बहुधा साडेपाच फुटांचा असतो. मोठा एटीव्ही साधारण सात फूट. मागचं फळकं पाडून तो बसवता येतो, पण मग त्याची मागची चाकं फळक्यावर येतात, आणि फळकं लटकलेलं असतं दोन तारांवर. उभ्या ट्रकला ते चालून जातं. खड्ड्यांतून शंभर मैल उसळत जायला ते बनवलेलं नाही. साडेसहा फुटी हौदा असेल तर चाकांचा भार निदान हौद्याच्या तळावर राहतो. रुंदीही मोजा. हौद्यातल्या चाकांच्या दोन फुगवट्यांमधलं अंतर चार फुटांच्या थोडं वर असतं, आणि मोठे एटीव्ही जवळपास तेवढेच रुंद असतात. दुकानात टेप घेऊन जायला लाजू नका.

फळक्याची एक वेगळी कथा आहे. ट्रेलर जोडलेला असताना फळकं पाडलं की ते थेट ट्रेलरच्या जॅकच्या (पुढच्या टेकू-पायाच्या) डोक्यावर आपटतं. माझ्या स्वतःच्या ड्राइव्हवेत, शेजारी बघत असताना, ठक्कन आवाज झाला आणि फळक्याच्या आतल्या बाजूला वाटीएवढा पोचा पडला. शेजारी सभ्य आहे, त्याने मान वळवली. पाडलेल्या फळक्याचं अंतर सरळ उभं राहून बघू नका. काटकोनात वळताना फळक्याचा कोपरा ट्रेलरच्या नाकाकडे जातो, आणि पेट्रोल पंपाच्या उतारावर ट्रकची मागची बाजू खाली गेली की जॅक वर येतो. मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, कोणाला तरी बाहेर उभं करून बघा. मी आता फळकं काढून गॅरेजमध्येच ठेवतो. मात्र मागचा कॅमेरा बहुधा फळक्यात असतो, तो त्याच्याबरोबर घरी राहतो. वायरीचं कनेक्शन आधी सोडवा.

यातूनच क्रम ठरतो: आधी एटीव्ही चढवायचा, मग ट्रेलर जोडायचा. पोचल्यावर आधी ट्रेलर सोडायचा, मग एटीव्ही उतरवायचा. वाटेत "जरा तास-दोन तास चालवू" हे विसरा.

चढवताना ट्रकची मागची चाकं सखल जागेत उभी करा, चढ कमी होतो. रॅम्प ट्रकला साखळीने किंवा पट्ट्याने बांधलाच पाहिजे, नाहीतर चाकं जोर लावतात तेव्हा रॅम्प मागे सरकतो आणि एटीव्ही माणसासकट उलटतो. बसून, गॅस देऊन वर चढणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही हसत बघितले असतील. त्यात काच फोडून केबिनमध्ये शिरणारेही असतात. विंचने ओढून घ्या.

बांधायला चार पट्टे, चार कोपऱ्यांना, एटीव्हीच्या सांगाड्याला खालच्या बाजूने. हँडलला अडकवू नका. सस्पेन्शन थोडं दबेल एवढं आवळा, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला. लीहायहून निघून स्पॅनिश फोर्कला थांबा आणि पुन्हा ओढून बघा. पट्टे तेवढ्यात सैल झालेले असतात, मी अजून एकदाही थांबून पस्तावलो नाही. हिचच्या साखळ्या खालून फुलीसारख्या जातात, आणि ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी तार साखळीला नाही, ट्रकला अडकवायची.

आय-१५ महामार्गावर दक्षिणेला काही ठिकाणी वेगमर्यादा ८० मैल आहे. ती तुमच्यासाठी नाही. बऱ्याच ट्रेलरचे टायर ६५ मैलांपर्यंतचेच असतात. उजव्या लेनमध्ये साठ-बासष्टने चला. ट्रेलर डोलायला लागला तर पायाचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगही झटकू नका. गॅस सोडा आणि ट्रेलर ब्रेकच्या कंट्रोलरचा, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारा, हाताचा खटका हळू दाबा. त्याची जागा अंधारात सापडली पाहिजे.

कागदपत्रांचं थोडक्यात. एवढ्या वजनाला साधं लायसन्स पुरतं. सार्वजनिक जमिनीवर एटीव्ही चालवायला २०२३ पासून मोठ्यांनाही राज्याचा ऑनलाइन कोर्स लागतो. फुकट आहे, एकदाच करायचा. अठराखालच्यांना हेल्मेट सक्तीचं. लिटल सहाराला जमिनीपासून आठ फूट उंच झेंडा लावावा लागतो, टेकडीपलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसावेत म्हणून. आणि सोसायटीचे नियम वाचा, कॅम्पर ड्राइव्हवेत किती दिवस चालतो ते. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पत्र आलं होतं. बाहेर जागा भाड्याने घ्यावी लागली.

घेण्याआधी एकदा भाड्याचा एटीव्ही घेऊन पायूट ट्रेल या एटीव्हीच्या वाटेवर दोन दिवस जा. तीन कुटुंबांचा उत्साह मी तिथेच निवलेला पाहिलाय. पैसे वाचले त्यांचे.

ज्यांचा निवत नाही त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावं. जवळच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्स शिकवतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर जिकडे जायला हवा तिकडे हात न्यायचा, एवढंच आहे. घरातलं कोणी तरी बरोबर आणा, मागे उभं राहायला. फक्त "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणाऱ्याने आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची.