बाम्बेर्गच्या ब्रुअऱ्या पाहायला जाताना

जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागाला फ्रँकोनिया म्हणतात. तेथील बाम्बेर्ग हे 75 ते 80 हजार वस्तीचे, रेग्निट्झ नदीच्या दोन फाट्यांवर वसलेले शहर आहे, आणि त्याच्या जुन्या वस्तीला 1993 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. एवढ्या वस्तीत आजही दहाच्या आसपास ब्रुअऱ्या चालू असून, पुढे खानावळ आणि मागे बिअर बनवण्याची जागा अशी जुनी मांडणी त्यांतील अनेकींनी टिकवली आहे. न्युर्नबर्ग आणि एर्लांगन येथे नोकरी-शिक्षणानिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना हे शहर अगदी हाताशी आहे. मात्र एका दिवसात सगळ्या ब्रुअऱ्या उरकण्याचा बेत करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. येथील प्रत्येक ब्रुअरी हे त्या त्या मोहल्ल्याचे बसण्याचे ठिकाण आहे, आणि तेथे निवांत बसल्याशिवाय ती कळत नाही. एका दिवसात तीन ठिकाणे पुष्कळ झाली.

बाम्बेर्ग न्युर्नबर्गपासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. एर्लांगन आणि फोर्खहाइममार्गे जाणारी एस-1 लोकल थेट तेथे पोहोचते, आणि तिघे-चौघे मिळून जाणार असाल तर बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाभरातील लोकल गाड्यांसाठीचे एका दिवसाचे सामायिक तिकीट, काढणे स्वस्त पडते. फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालते, हे लक्षात ठेवावे. गाडी घेऊन जाऊच नये. जर्मनीत वाहनचालकासाठी रक्तातील मद्याची मर्यादा 0.5 प्रति हजार आहे, आणि येथील अर्ध्या लिटरच्या ग्लासांपुढे ती फार लवकर ओलांडली जाते.

स्टेशनाजवळच वायरमान माल्ट कारखान्याच्या लाल-पिवळ्या विटांच्या इमारती दिसतात. 1879 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यातील विशेष माल्ट जगभरातील छोट्या ब्रुअऱ्यांकडे जाते आणि भारतातील मायक्रोब्रुअऱ्यांमध्येही ते वापरले जाते. त्यामुळे पुण्यात किंवा मुंबईत क्राफ्ट बिअर प्यायलेल्या वाचकाचा या शहराशी नकळत संबंध आलेला असण्याची शक्यता आहे.

पहिला मुक्काम स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवरच्या ओबेरे क्योनिग्श्ट्रासे या रस्त्यावर करावा, कारण तेथे दोन जुन्या ब्रुअऱ्या समोरासमोर आहेत. श्पेत्सियाल 1536 पासूनची आणि फेस्ला 1649 पासूनची. माझ्या मते सुरुवात श्पेत्सियालच्या धुरकट लागर (थंड जागी सावकाश मुरवलेल्या) बिअरने करावी, कारण बाम्बेर्गची खरी ओळख असलेल्या धुराच्या चवीशी येथे सौम्यपणे परिचय होतो. त्यानंतर रस्ता ओलांडून फेस्लामध्ये धूर नसलेली साधी लागर घ्यावी. दोन्ही पाठोपाठ चाखल्याने धुराने नेमका काय फरक पडतो, हे जिभेला आपोआप समजते. फेस्लाच्या दारातून आत शिरताच जो बोळ लागतो, तेथे बाजारहाट करून परतणारी स्थानिक मंडळी उभ्या उभ्या एक ग्लास संपवून घरी जातात. आत जागा असली तरी थोडा वेळ त्या बोळात उभे राहावे. बाम्बेर्गाटोर ही येथील डबल बॉक (बॉक म्हणजे जास्त मद्याची कडक लागर) मात्र 8.5 टक्के मद्याची आहे, ती दिवसाच्या सुरुवातीला मागवू नये.

हा धूर येतो कोठून, हे ठाऊक असेल तर पुढची चव अधिक कळते. बिअरसाठी बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग ती उष्णतेने वाळवतात. या वाळवलेल्या मोडालाच माल्ट म्हणतात. पूर्वी हे वाळवण उघड्या आगीवर होत असे, त्यामुळे धूर माल्टात मुरत असे, आणि त्या काळी धुरकट बिअर ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पुढे धूर लागू न देता केवळ गरम हवेने माल्ट वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जवळजवळ सर्वत्र ती चव नाहीशी झाली. बाम्बेर्गमध्ये श्पेत्सियाल आणि श्लेंकर्ला या दोघांनी आपली भट्टी सोडली नाही. दोघेही आजतागायत स्वतःचे माल्ट बीच झाडाच्या लाकडाच्या आगीवर वाळवतात. मोठ्या कारखान्यातून तयार माल्ट विकत घेणे सोपे असताना हे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवणे, यातच या शहराचे मोठेपण आहे असे मला वाटते.

श्लेंकर्ला डॉमिनिकानरश्ट्रासेवर, कॅथेड्रलच्या टेकडीखाली आहे. या घराचा उल्लेख 1405 पासून सापडतो. येथे दुपारी तीन-चारच्या सुमारास, जेवणाची गर्दी ओसरल्यावर जावे आणि काळवंडलेल्या तुळयांच्या जुन्या दालनात जागा मिळवावी. मेर्त्सन ही येथील मुख्य बिअर 5.1 टक्क्यांची असते. तिला गॅसचा दाब दिला जात नाही. लाकडी पिंपाला हातोडीने तोटी ठोकतात आणि बिअर आपल्याच वजनाने ग्लासात उतरते. रंग गडद तपकिरी, वर पिवळसर दाट फेस, आणि ग्लास तोंडाशी नेण्याआधीच धुराचा वास नाकात भरतो. चुलीत भाजलेल्या वांग्याच्या भरताला जो खमंग धूर लागतो, तो आवडणाऱ्याला ही चव परकी वाटणार नाही. तरीही पहिले दोन-चार घोट जड जातात, हे खरे आहे. त्यावरून मत बनवू नये. अर्धा ग्लास होईपर्यंत नाक धुराला सरावते आणि मागची माल्टची गोडी व हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा कडसरपणा वर येऊ लागतो. घाईने एक घोट घेऊन ग्लास बाजूला सारणाऱ्यांना या बिअरची ओळखच होत नाही, म्हणून मी श्लेंकर्लासाठी किमान तासभर राखून ठेवायला सांगतो.

पुन्हा जाणे झाले तर वुंडरबुर्ग हा मोहल्ला निवडावा. तेथेही मार्स ब्रॉय आणि केसमान या दोन ब्रुअऱ्या समोरासमोर आहेत. मार्समध्ये नुसते ‘आ ऊ’ म्हटले की त्यांची न गाळलेली, पिंपाचे बूच घट्ट न बसवता मुरवलेली आणि म्हणून कमी फसफसणारी लागर समोर येते. केसमानची पिल्स ही लागर फिकट, स्वच्छ आणि कडसर आहे.

हवा चांगली असेल तर संध्याकाळ टेकडीवर घालवावी. बर्फाची यंत्रे नव्हती तेव्हा बिअर थंड राहावी म्हणून टेकड्यांच्या पोटात तळघरे खोदली गेली आणि त्यांच्यावर सावलीसाठी झाडे लावली गेली. त्या झाडांखालीच पुढे बाके मांडली गेली. श्टेफान्सबेर्गवरील श्पेत्सियालच्या अशाच बागेतून कॅथेड्रलचे चारही मनोरे आणि जुन्या शहराची लाल कौले एका नजरेत येतात.

रीतभात साधी आहे, पण ती पाळावी. अनोळखी लोकांच्या टेबलावर रिकामी जागा असेल तर ‘मोकळी आहे का?’ असे विचारून बसणे येथे सर्वमान्य आहे. फक्त ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेले टेबल नेहमीच्या मंडळींचे असते, तेथे बसू नये. अर्ध्या लिटरच्या ग्लासाला येथे ‘झायडला’ म्हणतात. शेवटी थोडीच हवी असेल तर ‘श्निट’ मागावी, म्हणजे अर्धवट भरलेला ग्लास मिळतो. प्रत्येक ग्लासागणिक वाढपी आपल्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो आणि त्या रेघा मोजूनच बिल होते, म्हणून ती चकती फाडू किंवा हरवू नये. रोख पैसे जवळ असावेत, आणि बक्षिसी टेबलावर न ठेवता रक्कम वरच्या आकड्यात पूर्ण करून पैसे देतानाच सांगावी.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी थोडी चौकशी करावी. येथील प्रसिद्ध भरलेल्या कांद्यात खिमा असतो, आणि बटाट्याच्या गोळ्यांवरचा रस्सा मांसाच्या अर्काचा असतो. चीज कालवून केलेले ‘गेरुप्फ्टर’, ब्रेड आणि लोणी यांवर मात्र पोट भरते. उपाशीपोटी पिऊ नये, आणि प्रत्येक ग्लासाबरोबर पाणी मागवावे. फुकट नळाचे पाणी देण्याची पद्धत नाही, ते विकत घ्यावे लागते. मंडळींपैकी कोणाला मद्य फारसे नको असेल, तर श्लेंकर्लाची ‘हान्सला’ ही जेमतेम 0.9 टक्क्यांची बिअर धुराची कल्पना देते. मद्य पूर्णच वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र तीही घेऊ नये.

हंगामाचा विचार केला तर मला ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अधिक पसंत आहेत. त्या दिवसांत एकेक ब्रुअरी आपली बॉक बिअर ठरलेल्या संध्याकाळी उघडते, आणि गावकरी त्या तारखा लक्षात ठेवून जातात. ऑगस्टच्या उत्तरार्धात जुन्या वस्तीत झांडकेर्वा ही जत्रा भरते. तिची मजा निराळी असली, तरी त्या गर्दीत बिअरकडे लक्ष देणे अवघड होते. प्रत्येक ब्रुअरीचा आठवड्यातून सुट्टीचा दिवस असू शकतो आणि काहींची खानावळ संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या ब्रुअरीच्या संकेतस्थळावर वेळा पाहून ठेवाव्यात आणि परतीच्या लोकलची वेळही टिपून घ्यावी.