जुनी गेमची कॅसेट पुन्हा चालू करताना

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. लहानपणी सांगलीला आम्ही भावंडं तेच करायचो, पण श्वासातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कानकाडीचा कापूस आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवा, पट्ट्यांवरून उभा फिरवा. काळा निघेल, नवी काडी घ्या, पांढरी राहीपर्यंत. मग दहा मिनिटं वाळू द्या. कॅसेट लावता-काढताना बटण बंदच हवं.

आपल्याकडचे बहुतेक ‘टीव्ही गेम’ म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या गेमयंत्राच्या नकला. तो जपानमध्ये 15 जुलै 1983 ला आला. त्याच्या कॅसेटला 60 पिना असतात, त्याच्या अमेरिकन आवृत्तीच्या, म्हणजे एनईएसच्या, कॅसेटला 72. म्हणून अमेरिकेतून आणलेली कॅसेट अडॅप्टरशिवाय बसत नाही. जबरदस्ती करू नका, खाच तुटते.

बंदुकीचा ‘डक हंट’ खेळायचा असेल तर जुना, मागे फुगीर असलेला टीव्हीच शोधा. सपाट टीव्हीवर ती बंदूक नेम ओळखत नाही. आम्ही आईचा जुना टीव्ही त्यासाठीच जपलाय.

पहिल्यांदा ‘कॉन्ट्रा’ हा गेम लावा. नावाचा पडदा येताच वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट. 30 जीव मिळतात. माझी बोटं आजही ते विसरलेली नाहीत.