रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, म्हणून गोळी सोडू नका: एचआयव्हीच्या उपचारात या चुका टाळा

नागपूरचं मेडिकल रुग्णालय असो की मेयो, एआरटी (एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या) केंद्रातून बाहेर पडणाऱ्याच्या हातात 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे विषाणू आढळला नाही, असा व्हायरल लोडचा (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा) रिपोर्ट असला की घरात पहिला प्रश्न येतो, "आता गोळी कशाला?" सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

ती तपासणी रक्तात फिरणारा विषाणू मोजते, पेशीत दडलेला नाही. एचआयव्ही सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशीला चिकटतो, सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या दुसऱ्या दाराचा आधार घेऊन आत शिरतो, आपल्या आरएनएचा डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या डीएनएत जोडून टाकतो. विश्रांतीतल्या पेशीत हे सोपं नसतं. तिथे डीएनए बनवायला लागणारा कच्चा माल तुटपुंजा असतो, कारण एसएएमएचडी१ नावाचं प्रथिन तो संपवत राहतं. म्हणून विषाणू बहुतेकदा कामात असलेली पेशी पकडतो. त्यातल्या बहुतेक पेशी मरतात. पण काही वाचतात आणि आठवणीच्या पेशी (जुना रोगजंतू लक्षात ठेवणाऱ्या) होऊन शांत बसतात. विषाणूही त्यांच्यासोबत गप्प होतो. प्रथिनं बनत नाहीत, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती पेशी ओळखूच येत नाही. आपली औषधं विषाणूची नवी लागण रोखतात. जोडला गेलेला डीएनए त्यांना काढता येत नाही.

१९९७ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवलं, की उपचार नीट चालू असलेल्यांच्या अंगातही असा साठा शिल्लक राहतो. १० लाख विश्रांतीतल्या सीडी४ पेशींमागे साधारण एखादीच अशी असते, पण तेवढी पुरते. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांचा व्हायरल लोड काही आठवड्यांतच परत वर येतो. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या एका बाळात औषधांशिवाय २७ महिने विषाणू सापडला नव्हता. २०१४ मध्ये तो पुन्हा दिसला.

दुसरी चूक म्हणजे सुरुवात लांबवणं. "सीडी४ (म्हणजे त्या पेशींचा आकडा) चांगला आहे, लग्नसराई आटोपू द्या" असं सांगू नका. हा साठा लागण झाल्यावर काही दिवसांतच तयार व्हायला लागतो आणि उशिराने तो वाढतो. भारतात २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी निदान झालं की उपचार सुरू करायचे, असं धोरण आहे.

तिसरी चूक कुणाच्या लक्षात येत नाही. सावजी रस्सा जेवल्यावर जळजळ झाली की अँटासिड घेतलं जातं. गोळीत डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध असेल तर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड त्याचं शोषण कमी करतं. गोळी अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा.

गोळी चुकली तर आठवताच घ्या. पुढची वेळ ४ तासांच्या आत असेल तर ती चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

आणि रिपोर्ट चांगला आला याचा आनंद जरूर माना. विषाणू सातत्याने दिसेनासा राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण हे गोळी चालू असेपर्यंतच. उमरेडला, काटोलला किंवा पुण्याला मुलाकडे जायचं असेल तर पुरेशा गोळ्या आधीच मागून घ्या. मध्येच संपल्या तर जवळच्या एआरटी केंद्रात जा, नाहीतर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.